गंज लावून मिळेल

आमच्या गॅलरीच्या ग्रिलला गंज चढला आहे आणि तो काढायला माझा ठाम विरोध आहे. दरवर्षी मे महिन्यात रंगारी येतो, ग्रिलवर टिचकी मारतो, चार पापुद्रे खाली पडतात, तो हळहळतो, एक आकडा सांगतो आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. त्यामुळे सोसायटीत माझी ख्याती चिक्कू अशी झाली आहे. खरं कारण सांगितलं तर वेडा अशी होईल, म्हणून मी चिक्कूवर समाधान मानतो. खरं कारण असं, की तो गंज आता आमचा राहिलेलाच नाही. तो इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात, १९४३ साली, रॉयल एअर फोर्सच्या एका बॉम्बर तळावर कामाला आहे.

सांगतो. संगणकावर घरबसल्या विमान चालवता येतं. आपण त्याला गेम म्हणतो. चालवणारे सिम्युलेटर म्हणतात आणि गेम म्हणणाऱ्याशी बोलणं टाकतात. या मंडळींत मुख्य जाती दोन. एक उडणाऱ्यांची आणि दुसरी, उडणाऱ्यांना खाली बघायला काहीतरी हवं म्हणून डोंगर, धावपट्ट्या, इमारती रचणाऱ्यांची. या दुसऱ्यांना सीनरीवाले म्हणतात. सीनरीवाल्यांत पुन्हा पोटजाती आहेत. कोणी आजचे विमानतळ करतो, कोणी पूल करतो, कोणी जन्मभर नुसती झाडंच लावतो. आणि सगळ्यांत कर्मठ पोटजात म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले लष्करी तळ करणाऱ्यांची. आमच्यात सोवळं फार. १९४३ च्या इमारतीला १९४४ चं दार लागलं तर विटाळ होतो.

मी या पोटजातीतला. मला स्वतःला विमान उतरवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चढवता येतं. वर गेल्यावर बरंही वाटतं. पण खाली येताना माझा आणि जमिनीचा काहीतरी गैरसमज होतो. मी बांधलेल्या तळाचं आजवर जे काही नुकसान झालं, त्यात लुफ्तवाफेचा, म्हणजे जर्मन हवाई दलाचा, हात नाही. सगळं मीच केलेलं आहे.

सध्या माझ्या हातात निसेन हट आहे. युद्धपटांत ही झोपडी तुम्ही नक्की पाहिली असेल. एखादं मोठं पिंप आडवं टाकून अर्धं पुरावं, तशी पन्हाळी पत्र्याची अर्धगोल. मेजर पीटर निसेन नावाच्या, रॉयल इंजिनिअर्समधल्या अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धात, १९१६ साली ही काढली. वाकवलेले पत्रे, लोखंडी फासळ्या, दोन्ही टोकांना भिंती, बस. सगळं सुटं करून एका लष्करी गाडीत घालायचं आणि जिथे चिखल असेल तिथे नेऊन सहा माणसांनी चार तासांत उभं करायचं, असा हिशेब होता. त्यातही कोणीतरी चढाओढ लावलीच. विक्रम एक तास सत्तावीस मिनिटांचा आहे.

माझी झोपडी गेल्या गणपतीत सुरू झाली. आता पुन्हा सोसायटीची वर्गणी मागायला मुलं येऊन गेली, आणि झोपडीला अजून दार नाही.

“याला सहा माणसं लागतात म्हणालात ना?” बायकोने एकदा विचारलं.

“हो.”

“मग बाकीचे पाच कुठे आहेत?”

पण त्या सहा सैनिकांना मेजर निसेनने पत्र्याच्या वळ्या मोजायला सांगितल्या नव्हत्या. मला मोजाव्या लागतात. बाहेरच्या पत्र्याच्या वळ्या कमानीवरून या अंगाने त्या अंगाला जातात आणि आतल्या अस्तराच्या पत्र्याच्या आडव्या धावतात. ही आतली बाजू आपल्या सीनरीत दिसते का? दिसत नाही. दार बंद आहे (म्हणजे बसवलं की बंद असेल), खिडक्या बोटभर आहेत आणि विमानात बसलेला माणूस हजार फुटांवर आहे. पण दिसत नाही म्हणून आडव्या वळ्या उभ्या करायच्या, हे आमच्या पोटजातीत बसत नाही.

मग गंज. पत्रा नुसता करडा रंगवला की तो प्लास्टिकचा दिसतो. म्हणून खिळ्याखालून ओघळलेला एक तांबूस डाग, दोन पत्र्यांच्या सांध्याखाली एक लांब रेघ, जमिनीलगत शिंतोडे, असं सगळं पिक्सेल पिक्सेल लावत बसावं लागतं. एका रात्री बायको पाणी प्यायला उठली.

“अहो, काय करताय?”

“गंज लावतोय.”

“कुठे?”

“इथे सांध्याखाली. पाणी इथूनच ओघळणार ना.”

तिने पडद्याकडे पाहिलं, मग गॅलरीकडे पाहिलं. “तिथे फुकट लागतोय तो काढायचा नाही आणि इथे रात्री जागून हाताने लावायचा. तुमच्यापेक्षा पाऊस बरा. लवकर आटपतो.”

नमुना म्हणून आमच्या ग्रिलचा गंज चांगला आहे, पण एकसुरी आहे. निरनिराळ्या वयांचा गंज हवा म्हणून मी फोटो काढत फिरू लागलो. सोसायटीच्या पार्किंगची शेड, पंपाच्या खोलीचं दार, समोरच्या बंद गिरणीचं शटर. सकाळचं तिरपं ऊन पत्र्याला मानवतं, म्हणून वेळही सकाळी सातची. एकदा मी बी-विंगच्या एका स्कूटरमागे ओणवा होऊन शेडच्या खांबाचा पायथा टिपत होतो, तेव्हा पाठीमागून सेक्रेटरींचा आवाज आला.

“पुरावा गोळा करताय?”

“नाही, गंज गोळा करतोय.”

ते काही क्षण गप्प राहिले. त्यानंतरच्या कमिटी मीटिंगमध्ये संपूर्ण शेडला तातडीने ऑइलपेंट मारायचा ठराव एकमताने झाला. आठवड्यात शेड हिरवीगार. माझ्या तळाच्या दोन हँगरांचा कच्चा माल गेला.

बरं, एवढं करून हे बघणार कोण आणि किती वेळ? मी एकदा हिशेब केला. करायला नको होता. लँकेस्टर बॉम्बर तळावरून जाताना ताशी २०० मैलांनी जातंय असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ९० मीटर. माझी झोपडी लांबीला ११ मीटर. म्हणजे वैमानिकाच्या नजरेखालून ती एक अष्टमांश सेकंदात पार होते. त्या वेळी त्याची पापणी लवली, तर माझं वर्ष गेलं.

पण सगळेच असे भरधाव जात नाहीत. काही लोक विमानाला हातच लावत नाहीत. ते सिम्युलेटरमधला कॅमेरा हातात घेऊन पायी हिंडतात आणि इमारतींची तपासणी करतात. हे आमचे सोवळ्यातले भटजी. त्यांची पत्रं येतात. पत्रं फार सभ्य असतात, पहिल्या ओळीत कौतुक असतं आणि दुसऱ्या ओळीपासून ‘तथापि’ सुरू होतो. धुराड्याची उंची सहा इंचांनी कमी आहे. अग्निशमनाच्या बादल्या लाल आहेत हे योग्यच, तथापि त्यांचं बूड गोल हवं. नियंत्रण मनोऱ्याच्या वरच्या सज्जाचा कठडा सुरेख आहे, तथापि त्या आराखड्याच्या मनोऱ्याच्या एवढ्या मोठ्या खिडक्या १९४३ च्या सुधारित आराखड्यात लहान केल्या होत्या. हे शेवटचं खरंच आहे. एअर मिनिस्ट्रीच्या मूळ आराखड्याचा क्रमांक १२७७९/४१, सुधारित ३४३/४३, आणि खिडकी लहान करण्यासाठी मला अख्खी भिंत पुन्हा घालावी लागली. त्यांना तिथे गवंडी होते.

सायकलीवरून तर रामायण झालं. त्याचं असं, की युद्धाच्या धामधुमीत बांधलेल्या या तळांवर माणसांची वस्ती मुद्दाम विखरून ठेवत, म्हणजे एका बॉम्बमध्ये सगळे जायला नकोत. झोपायचं एका शेतात, आंघोळ दुसऱ्या शेतात, जेवण तिसरीकडे आणि विमान आणखी मैलभर लांब. म्हणून तिथे जो तो सायकलीवर. सायकली नसलेला तळ म्हणजे चपला नसलेलं देऊळ, असं एका पत्रात होतं. म्हणजे पत्रात चर्च होतं, देऊळ मी केलं. तर मी दारापाशी एक सायकल टेकवली. चाकांचे आरे चित्रातच काढले, कारण प्रत्येक आरा खराखुरा घडवायचा म्हणजे संगणक हाश्श हुश्श करू लागतो. लगेच पत्र आलं. सायकल छान, तथापि त्या काळच्या इंग्रजी सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे असत. आपण दोन्हीकडे ३६ काढले आहेत.

म्हणजे एकूण ७२ ते ७२. बेरीज बरोबर होती. पण आमच्यात बेरजेला किंमत नाही. मी ईर्ष्येने ३२ आणि ४० आरे एकेक करून खरे घडवले. त्या दिवसापासून माझ्या तळावर सर्वांत जड वस्तू हँगर नाही, सायकल आहे. ती नजरेत आली की विमान हवेत अडखळतं. वैमानिकाला वाटतं, इंजिन बंद पडलं.

या सगळ्यांवर कडी केली ती गंजावरच्या पत्राने. लिहिलं होतं, गंज अप्रतिम, इतका जिवंत गंज पाहिला नव्हता, तथापि आपला तळ ऑगस्ट १९४३ मध्ये सुरू झाला आणि आपली सीनरी त्याच वर्षीच्या नाताळातली आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा चार महिन्यांत इतका गंजत नाही.

मला क्षणभर दिसेनासं झालं. आता यात खोच अशी आहे, की आम्ही सगळे ज्या फोटोंवरून हे तळ करतो, ते फोटो आजचे असतात. ऐंशी वर्षं लिंकनशायरचा पाऊस खाल्लेले पत्रे, फुटक्या काचा, भिंतीतून उगवलेली झुडपं. ते बघून बघून आमच्या सर्वांच्याच सीनरीत युद्ध अजून निम्म्यावर आहे आणि तळ मात्र पडका झालेला असतो. वैमानिक बर्लिनला निघालाय आणि त्याच्या बराकीवर वेल चढलाय. पण ही सर्वसाधारण चर्चा झाली. माझ्या गंजाबद्दल मी तसं काही कबूल केलं नाही. मी उलट टपाली लिहिलं, की लिंकनशायरला समुद्र जवळ आहे आणि खाऱ्या हवेत पत्र्याचं काय होतं हे मुंबईच्या माणसाला कोणी शिकवू नये. तेव्हापासून त्यांचं पत्र आलेलं नाही. बायकोला हे पत्र दाखवलेलं नाही. रंगाऱ्याचा नंबर तिच्याकडे आहे.

इमारतींच्या आधी जमिनीचीही एक कटकट असते. सिम्युलेटरमधली जमीन उपग्रहातून काढलेल्या आजच्या फोटोंची असते. १९४३ साली तिथे तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदत होत्या. मुख्य २,००० यार्ड, बाकीच्या दोन १,४०० यार्ड, भोवती फिरता रस्ता आणि त्याला लटकलेल्या, विमान उभं करायच्या गोल जागा, ज्यांना ते लोक फ्राइंग पॅन म्हणत. १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये असा एक नवा विमानतळ सरासरी दर तीन दिवसांनी तयार होत होता. तीन दिवसांत आमच्याकडे ‘काम चालू, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही पाटी रंगून होते. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांनी शेतं परत घेतली. काँक्रीट उखडून रस्त्यांखाली घातलं. नॉरफोकमध्ये तर काही धावपट्ट्यांवर टर्की कोंबड्यांच्या लांबच लांब शेडी आहेत. एवढी टणक, सपाट, पाणी न साचणारी जागा टर्कीला दुसरीकडे कुठे मिळणार?

तेव्हा आधी ते सगळं पुसायचं. शेड पुसता येते. तिची फोटोत पडलेली सावली राहते. ती पुसून गवत घातलं, की सिम्युलेटर स्वतःच्या बुद्धीने तिथे घरं उगवतो, कारण मोकळी जागा त्याला बघवत नाही. तो आमच्या बिल्डरांकडेच शिकलेला असावा. एकदा मी रात्री काम संपवून झोपलो आणि सकाळी बघतो तर बॉम्बच्या कोठारावर दुमजली बंगला, पुढे लॉन, मागे पोहण्याचा तलाव. तो उडवला तर त्याच्या जागी पवनचक्की आली. मग जमीन सपाट करायला घेतली तर ती माझ्या इमारतींना विचारून सपाट झाली नाही. ओळीतल्या अर्ध्या झोपड्या कमरेपर्यंत पुरल्या गेल्या आणि अर्ध्या दोन फूट अधांतरी त्रिशंकू झाल्या. भाचा आला होता, तो म्हणाला, “मामा, हे हेलिकॉप्टर कुठलं?” ते अधिकाऱ्यांचं जेवणघर होतं.

शौचालयाची हकीकत थोडक्यात सांगतो. लष्करी आराखडे फुटांत, माझं सॉफ्टवेअर मीटरमध्ये. दोघांच्या मध्ये भाषांतराला मी. संडासांची एक रांग सव्वातीन पट मोठी उतरली. १०२ फूट पंखांचं लँकेस्टर सहज आत शिरलं असतं. एका वैमानिकाने ते हँगर समजून खरोखरच आत नेऊन ठेवलं आणि मला लिहिलं, की हँगरच्या आतल्या कप्प्यांचा उद्देश कळला नाही. मी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली, तेव्हा त्याचं विमान आतच होतं.

मध्यंतरी माझ्या मनाने घेतलं, की लिंकनशायर पुरे, आता घरचं काहीतरी करावं. आणि घरचं म्हणजे अगदी घरचं होतंच. आमच्या डोंबिवलीहून कर्जत गाडीने चार स्टेशनं गेलं की उल्हासनगर. आज ज्याला उल्हासनगर म्हणतात ते महायुद्धात कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होतं, सैनिकांसाठी उठवलेल्या बराकींचं गाव. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे आणून उतरवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. पण कॅम्प काही सुटला नाही. लोक अजून ‘कॅम्प तीनला राहतो’, ‘कॅम्प पाचला दुकान आहे’ म्हणतात, आणि पत्त्यांत बराक नंबर असतो. मी मोजपट्टी, वही आणि कॅमेरा घेऊन निघालो. जिच्यातलं किमान छप्पर तरी मूळचं आहे अशी एखादी बराक मला हवी होती.

बराकी होत्या. पण कोणी पुढे आलेली, कोणी मागे गेलेली, कोणी वर चढलेली. एका दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या भिंतीचा तुकडा दिसला असं वाटून मी मोजपट्टी लावली. दुकानदार बाहेर आला.

“कॉर्पोरेशनमधून?”

“छे छे. मी बराक बघतोय.”

“वरचा मजला जुना आहे.”

“किती जुना?”

“तुम्ही म्हणाल तितका.”

त्याने खुर्ची आणवली, थंड पेय मागवलं. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, की मी सरकारी नाही. जितकं सांगावं तितका त्याचा आदर वाढत गेला. शेवटी त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, “साहेब, मग तुम्हाला नक्की काय करायचंय?”

“काही नाही हो. ही इमारत १९४३ साली जशी होती ना, तशी परत करायचीय.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “म्हणजे वरचं सगळं पाडणार?”

मग मी त्याला फोनवर माझी निसेन हट दाखवली. त्याने ती बोटांनी मोठी करून पाहिली, फिरवून पाहिली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आजोबा इथे आले तेव्हा मधे पडदा लावून एकेका बराकीत किती कुटुंबं राहत, ते त्याने सांगितलं. मग म्हणाला, “पण साहेब, त्या बराकीतून बाहेर पडायला आमची तीन पिढ्या मेहनत गेली. तुम्ही परत आत कशाला चाललाय?” थंड पेयाचे पैसे त्याने घेतले नाहीत. परतीच्या गाडीत मी लिंकनशायर पूर्ण करायचं ठरवलं.

तिथे आता फक्त रात्र राहिली होती. रात्रीची सीनरी म्हणजे आमच्या कलेतला शृंगाररस. खिडकीखिडकीतून पाझरणारा पिवळा उजेड, दाराशी कंदील, ओल्या रस्त्यावर त्याची तिरीप. मी एकूणएक खिडकी उजळली. तळ असा काही दिसू लागला की दिवाळी. मग मनात पाल चुकचुकली. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट. खिडकीतून उजेडाची चीर दिसली तरी दंड. बॉम्बर तळावर तर बोलायलाच नको. मी एकेक खिडकी विझवली. कंदील विझवला. रस्त्याची तिरीप गेली. आता माझा तळ ऐतिहासिकदृष्ट्या निर्दोष झाला होता. मी अभिमानाने भाच्याला बोलावलं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मामा, मॉनिटर बंद आहे.”

त्या काळ्याकुट्ट पडद्यासमोर बसून मला आमच्या सबंध धंद्याची गंमत दिसली. ज्यांनी हे तळ बांधले त्यांची सगळी अक्कल एका कामात खर्च झाली होती, ते म्हणजे वरच्या वैमानिकाला ही इमारत दिसता कामा नये. रंग मळकट, छपरावर हिरवे-तपकिरी पट्टे, झोपड्या झाडांच्या आडोशाला. आणि माझी सगळी अक्कल खर्च होते ती त्याच वैमानिकाला तीच इमारत खिळ्यासकट दिसावी म्हणून. तो खाली बघून म्हणाला, “वा, काय झोपडी आहे!” तर त्यांचा पराभव. आणि म्हणाला, “इथे काहीच नाही,” तर माझं वर्ष वाया, पण झोपडी अस्सल.

अमेरिकेत तर इमारती लपवणारे लोक माझ्याही पुढे गेले होते. सिएटलमध्ये बोइंगचा बॉम्बर विमानांचा कारखाना होता. त्याच्या छपरावर त्यांनी एक अख्खी वसाहत उभी केली, म्हणजे वरून बघणाऱ्याला खाली कारखाना नाही, साधं गाव दिसावं. घरं सहा फुटांच्या आसपास उंच, झाडं कोंबड्यांच्या जाळीला पिसं चिकटवून केलेली, रस्त्यांना नावंसुद्धा. एकाचं नाव सिंथेटिक स्ट्रीट आणि दुसऱ्याचं बर्लॅप बूलेव्हार्ड, म्हणजे आपल्या हिशेबात नकली गल्ली आणि गोणपाट मार्ग. हे रचणारे जॉन स्टुअर्ट डेटली हे हॉलिवूडचे कलादिग्दर्शक, नटी व्हेरॉनिका लेकचे त्या वेळचे पती. (सीनरीवाल्याला अशी बायको मिळू शकते, हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. “तेव्हाचे पती म्हणजे? नंतर काय झालं?” असं विचारलं गेलं. १९४३ मध्ये घटस्फोट झाला. मी पान उलटलं.) कॅलिफोर्नियात बरबँकच्या लॉकहीड कारखान्यावरही असंच गाव पसरलं होतं आणि तिथे माणसं नेमून दिली होती, जी वर जाऊन दोरीवरचे कपडे काढत-घालत आणि रबराच्या मोटारी इकडच्या तिकडे हलवत. खाली खरी विमानं बनतायत, वर एक माणूस खोटी चादर वाळत घालतोय आणि त्याचा पगार घेतोय. मी ही नोकरी मनापासून केली असती.

आणि इंग्लंडमध्ये कर्नल जॉन टर्नर. हे हवाई दलाच्या बांधकाम खात्याचे निवृत्त प्रमुख. आयुष्यभर खरे विमानतळ बांधले, निवृत्तीनंतर यांना खोटे बांधायला परत बोलावलं. जर्मनांनी खऱ्या तळाऐवजी शेतावर बॉम्ब टाकावेत म्हणून. दिवसाचे खोटे तळ के साइट, रात्रीचे क्यू साइट. दिवसाच्या तळांवर लाकूड आणि कापडाची विमानं मांडलेली, त्यांतली काही शेपर्टनच्या फिल्म स्टुडिओत घडवलेली. वरून हुबेहूब, जवळून दोन फळ्या. लांबून बघताना बारकावे कशाला वाया घालवा, हे तत्त्व आमच्या सॉफ्टवेअरला आत्ता सुचलं. या कर्नलसाहेबांनी ते १९४० सालीच सरकारी खर्चाने राबवलं होतं. रात्रीच्या तळांवर तर इमारत नाहीच. शेतात दिव्यांच्या रांगा, बस. खाली बटाटे, वर धावपट्टी.

हे वाचलं आणि मी ताडकन उठलो. इमारत नाही! पत्रा नाही, वळ्या नाहीत, आरे नाहीत! मी एका संध्याकाळी, जेवणाआधी, लिंकनशायरच्या एका रिकाम्या शेतात क्यू साइट लावून मोकळा झालो आणि सीनरीत घालून दिली. काही दिवसांत पत्र आलं. ‘तथापि’ नव्हतं.

“रात्री जर्मनीहून परतताना ढगांखाली आपली धावपट्टी दिसली. उतरलो. शेत निघालं. विमान गेलं, सातही जण गेले. हे त्वरित दुरुस्त करावे.”

मी ते पत्र छापून घेतलं. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी दाद होती. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, “सात माणसं गेली म्हणतोय तो.”

“पण फसला ना!”

“तो आपल्या बाजूचा होता ना?”

हा मुद्दा होता. पण इतिहास माझ्या बाजूने उभा राहिला. खऱ्या क्यू साइटवरही आपलेच थकलेभागले वैमानिक उतरायला बघायचे. म्हणून तिथे इशाऱ्याचे लाल दिवे असत. आपलं विमान खाली येतंय असं दिसलं की ते लावायचे. मी त्या वैमानिकाला हे सगळं कळवलं, सातही जणांबद्दल दुःख व्यक्त केलं आणि लाल दिव्यांची रांग बसवून दिली.

आठवडा बरा गेला. मग दुसऱ्याच एका गृहस्थांचं पत्र आलं. लाल दिवे योग्य जागी आहेत, अभिनंदन, तथापि ते लावणारी दोन माणसं शेतात एका बैठ्या खंदकवजा खोलीत बसत. आत जनरेटर असे आणि मूळ तळाशी जोडलेला टेलिफोन. ती खोली कुठे आहे?

ती आता करायला घेतली आहे. विटांच्या भिंती झाल्या, जनरेटर झाला, धूर जायची नळी झाली. वरून मातीचा ढीग टाकून त्यावर गवत लावलं आहे, त्यामुळे विमानातून खोली अजिबात दिसत नाही. टेलिफोनची वायर तेवढी राहिली आहे. तिला तेव्हा कापडाचं वेष्टण असे. गॅलरीत जुन्या इस्त्रीची एक आहे, पण बायको ती इस्त्री द्यायला तयार नाही.